पडद्यावर परतलेला राजपुत्र

(पालक व शिक्षक यांच्या एका मेळाव्यात एका निवृत्त चित्रकला-शिक्षकाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘बालपणीची व्यंगचित्रे आणि त्यांचे पुनरागमन’ असा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, मी माझ्या लहानपणच्या आठवणींत आपल्याला रमवून आणीन. परंतु ज्या चित्रपटाविषयी मी आज बोलणार आहे, तो माझ्या बालपणीचा नाही. तो माझ्या मुलाच्या बालपणीचा आहे आणि त्याच्या बालपणातून तो काढून घेण्याचा प्रयत्न मी स्वतः केला होता. तेव्हा आजच्या भाषणात स्मरणरंजन थोडे आहे आणि कबुली अधिक आहे, हे आधीच सांगून टाकतो.

तो चित्रपट म्हणजे ‘रामायण : द लिजेंड ऑफ प्रिन्स राम’. युगो साको या जपानी निर्मात्याने घडविलेली रामकथा. आपल्यापैकी जे आज तिशी-पस्तिशीत आहेत, त्यांच्या चेहऱ्यावर हे नाव ऐकताच काय उमटले, ते मला इथून दिसते आहे. २००० सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हा चित्रपट कार्टून नेटवर्कवरून लागत असे. माझा मुलगा त्या वेळी आठ-नऊ वर्षांचा होता. एके दिवशी सुट्टीच्या दुपारी मी बाहेरून आलो, तर चिरंजीव दूरचित्रवाणीपुढे मांडी घालून बसलेले. मला पाहताच तो आनंदाने ओरडला, “बाबा, राम लागलाय!” मी पडद्याकडे पाहिले. मोठमोठ्या डोळ्यांचा एक रंगीत राजपुत्र धनुष्य घेऊन उभा होता. मी पुढे झालो, संच बंद केला आणि म्हणालो, “रामाचे कार्टून आपल्या घरात नको.”

त्याने वाद घातला नाही. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती.

आता माझी त्या वेळची भूमिका मी आपल्यापुढे प्रामाणिकपणे मांडतो, कारण ती आजही अनेकांची असते आणि ती निव्वळ हास्यास्पद म्हणून झटकून टाकावी अशीही नाही. मराठीत आपण ‘कार्टून’ला ‘व्यंगचित्र’ म्हणतो. व्यंग म्हणजे उणीव, दोष. वर्तमानपत्रात पुढाऱ्याचे नाक लांब काढतात आणि पोट सुटलेले दाखवितात, ते व्यंगचित्र. वात्रट पोराला आपण ‘कार्टं’ म्हणतो, त्याचा या इंग्रजी शब्दाशी काही संबंध नसला तरी कानाला तो जवळचाच वाटतो. अशा शब्दाच्या शेजारी प्रभू रामचंद्रांचे नाव बसविणे मला सहन झाले नाही. मी चित्रकलेचा शिक्षक. रेषेने माणसाची थट्टा किती सहज करता येते, हे मला ठाऊक होते. माझे भय त्या ज्ञानातून आलेले होते. चूक एवढीच झाली की, पुढची दोन तास पंधरा मिनिटे मी तो चित्रपट पाहिला नाही. न पाहताच निकाल दिला.

हीच गोष्ट माझ्याआधी कितीतरी मोठ्या पातळीवर घडून गेली होती, हे मला फार उशिरा कळले. तो इतिहास आपल्या वाचकवर्गाला माहीत असायला हवा. तो थोडा सविस्तर सांगतो.

युगो साको यांचा जन्म १९२८ सालचा. ते अनुबोधपट करीत असत. पुरातत्त्ववेत्ते डॉ. बी. बी. लाल यांनी उत्तर प्रदेशात रामायणाशी निगडित स्थळांची उत्खनने केली होती. त्यांविषयी ‘द रामायण रेलिक्स’ हा अनुबोधपट करण्यासाठी १९८३ साली साको भारतात काम करीत होते. ज्या कथेच्या खुणा मातीतून शोधल्या जात आहेत ती कथा तरी काय आहे, या कुतूहलाने त्यांनी रामायण हाती घेतले आणि जपानी भाषेत उपलब्ध असलेली रामायणाची दहा रूपे वाचून काढली. आपल्यापैकी किती जणांनी एक तरी अथपासून इतिपर्यंत वाचले आहे, हा प्रश्न मी विचारत नाही. मला स्वतःलाही उत्तर द्यावे लागेल.

त्याच सुमारास वृत्तपत्रात त्यांच्या अनुबोधपटाविषयी बातमी आली आणि गैरसमज झाला. रामायण हा भारताचा राष्ट्रीय वारसा आहे, परकीयाने त्यावर मनमानी चित्रपट काढू नये, अशा आशयाचे निषेधपत्र विश्व हिंदू परिषदेने दिल्लीतील जपानी दूतावासाकडे पाठविले. पुढे हा गैरसमज दूर झाला. आपल्याच परिवारातील एका संस्थेच्या संदर्भात हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण गैरसमज झाला, तसा तो मिटलाही. आणि मिटला म्हणूनच, रामायणावर संपूर्ण चित्रपट करण्याची कल्पना साको यांना या मंडळींपुढे, तसेच शासनापुढे मांडता आली. त्यांचे म्हणणे असे होते की, राम हा देव आहे. हाडामांसाच्या नटाने त्याची भूमिका करण्यापेक्षा तो चित्ररूपात दाखविणे अधिक उचित.

बंधूंनो, मी पुष्कळ वर्षांनी हे वाचले तेव्हा हातातले पुस्तक खाली ठेवले. मी म्हणत होतो, चित्राने देवाचा अवमान होईल. तो दूरदेशीचा माणूस म्हणत होता, नटाने होईल, चित्राने होणार नाही. नट उद्या दुसऱ्या चित्रपटात कोणती भूमिका करील, कोणत्या वस्तूची जाहिरात करील, काय सांगावे? रेखाटलेला राम रामच राहतो. दोघांच्या बोलण्याच्या मुळाशी श्रद्धाच होती. त्याच्या श्रद्धेने चित्र काढले, माझ्या श्रद्धेने संच बंद केला.

शासनाकडून मात्र पुढे नकार मिळाला. विषय संवेदनशील आहे, रामायणाचे कार्टून कसे करणार, अशी ती भूमिका होती. रामजन्मभूमीच्या आंदोलनाचाही तो काळ. भारताबरोबरची अधिकृत सहनिर्मिती राहून गेली आणि काम मुख्यतः जपानमध्येच करावे लागले. १९९० साली प्रत्यक्ष निर्मितीला आरंभ झाला तेव्हा सुमारे ४५० कलावंत त्यात गुंतले होते.

येथे मला माझ्या विषयाच्या शिक्षकाचा अधिकार थोडा वापरू द्या. आज संगणकावर जे होते ते तेव्हा हाताने होत असे. पारदर्शक पातळ पत्र्यावर, ज्याला ‘सेल’ म्हणत, आकृतीची बाह्यरेषा उतरवायची, मागच्या बाजूने रंग भरायचे, तो पत्रा रंगविलेल्या पार्श्वभूमीवर ठेवायचा आणि कॅमेऱ्याने एकेक चित्र टिपायचे. पडद्यावर एका सेकंदाला २४ चित्रे सरकतात. १३५ मिनिटांच्या चित्रपटाचा हिशेब करा, १,९४,४०० चित्रचौकटी होतात. एकच रेखाटन दोन-तीन चौकटींना वापरता येते. तरीही या चित्रपटासाठी सुमारे एक लाख सेल हाताने रंगविले गेले. मी आयुष्यभर मुलांना एका वहीची वीस पाने रंगवायला लावताना किती आर्जवे केली, ते माझे मला ठाऊक!

आणि ज्यांनी हे रंगविले त्यांनी धोतर कधी पाहिले नव्हते. साडीचा पदर कसा पडतो, अभिवादन कसे करतात, वडीलधाऱ्यांच्या पुढे कसे उभे राहतात, हे त्यांना मुळापासून शिकावे लागले. ते शिकविले भारतीय कलावंतांनी. राम मोहन हे या चित्रपटाचे सहदिग्दर्शक होते. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५६ पासून घडलेला हा माणूस भारतीय चलच्चित्रकलेचा पितामह मानला जातो. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१९ साली ते गेले. संगीत वनराज भाटियांचे. आणि मूळ इंग्रजी आवृत्तीतील संस्कृत गीते कोणाची, तर वसंत देव यांची. ‘सारांश’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळविणारे गीतकार वसंत देव आपले मराठी. रामकथेला जपानी रेषा आणि मराठी माणसाचे संस्कृत! हे आमच्या शाळेच्या एकाही वार्षिक स्नेहसंमेलनात कधी कोणी सांगितले नाही. अर्थात मीही सांगितले नाही.

चित्रपट १९९२ मध्ये पूर्ण झाला. भारत-जपान राजनैतिक संबंधांना त्या वर्षी चाळीस वर्षे झाली होती. जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखविला गेला. त्या दोन महिन्यांत देशात काय चालले होते, ते आपणांस सांगायला नको. चित्रगृहांतून तो सर्वदूर गेला नाही. त्याला प्रेक्षक मिळाले ते घरोघरच्या मुलांच्या रूपाने, सुट्टीच्या दुपारी, दूरचित्रवाणीवर. माझ्यासारख्या वडिलांची नजर चुकवून.

होय, नजर चुकवून. मी संच बंद केला, पण माझ्या मुलाने तो चित्रपट पाहिला. एकदा नव्हे, अनेकदा पाहिला. लागणार आहे असे कळले की त्याची आई त्याला वाटीभर साखर देण्याच्या निमित्ताने शेजारच्या काकूंकडे धाडीत असे. हे मला वीस वर्षांनी समजले. आमच्या घरातून त्या काळात शेजारी किती साखर गेली असेल, देव जाणे.

आता २०२५ सालाकडे येतो. हा चित्रपट नव्याने स्वच्छ करून, ‘फोर-के’ म्हणतात त्या सुस्पष्ट रूपात, २४ जानेवारी २०२५ रोजी देशभरातील चित्रगृहांत लागला. त्याआधी मे २०२२ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून साको यांचे नाव आणि या चित्रपटाची हकिकत देशाला सांगितली होती. साको स्वतः मात्र २०१२ सालीच निवर्तले होते. मुलाचा दूरध्वनी आला. तो पुण्यात असतो. म्हणाला, “बाबा, राम लागलाय. चिमणीला घेऊन जाऊ या. तुम्ही याल ना?” शब्द तेच होते, ‘राम लागलाय’. त्याने ते मुद्दाम वापरले की सहज आले, हे मी त्याला विचारले नाही. मी पहिल्या गाडीने पुण्याला गेलो.

आम्ही तिघे शेजारी बसलो. मध्ये सहा वर्षांची नात, एका बाजूला तिचा बाप, दुसऱ्या बाजूला मी. ज्या चित्राला मी थट्टा समजलो होतो, ते मी प्रथमच सलग पाहत होतो. त्यात थट्टेचा लवलेश नव्हता. अयोध्येच्या प्रासादातला प्रकाश, अरण्यातली झाडे, झाडांतून उतरणारे ऊन, यांवर ज्याने हात चालविला त्याने घाई केली नव्हती. हे एका चित्रकला-शिक्षकाचे मत म्हणून नोंदवून ठेवा.

पण माझे लक्ष पडद्याइतकेच मुलाकडे होते. त्याचे ओठ हलत होते. प्रत्येक वाक्य त्याला पाठ होते आणि पडद्यावरचे पात्र बोलायच्या किंचित आधी तो ते बोलत होता. थोड्या वेळाने ते ओठ थांबले. रावण पडद्यावर आला, बोलला, आणि मुलगा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, “बाबा, आवाज बदललेत.”

त्याच्या लहानपणच्या हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल यांचा आवाज होता, म्हणजे १९८७ च्या ज्या मालिकेने गल्ल्या ओस पाडल्या तिच्यातला राम या रेखाटलेल्या रामाच्या मुखातून बोलत होता. रावणाला अमरीश पुरी यांचा आवाज होता आणि निवेदन शत्रुघ्न सिन्हा यांचे होते. २०२५ साली हिंदी संवाद नव्या कलावंतांकडून नव्याने ध्वनिमुद्रित करून घेतले गेले. चित्रे पूर्वीपेक्षा उजळ झाली, आवाज मात्र गेले. अमरीश पुरी तर २००५ मध्येच आपल्यातून गेले आहेत. तो आवाज ऐकायला मिळेल या आशेने बसलेला बत्तीस वर्षांचा पुरुष अंधारात एखाद्या लहान मुलासारखा हिरमुसला, हे मी डोळ्यांनी पाहिले.

मला त्याचे दुःख परके वाटले नाही. आमच्या पिढीला रामकथा गदिमांच्या शब्दांत आणि बाबूजींच्या कंठातून मिळाली. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. छप्पन्न गीते, आठवड्याला एक. पुढे इतरांनीही ती गाइली, चांगली गाइली, परंतु दुसऱ्याचा सूर लागला की आमच्यातला कोणीतरी अस्वस्थ होतोच. कथेपेक्षा कथेचा आवाज मनात खोल जातो. एखाद्याच्या बालपणातून आवाज काढून घेतला तर नुसत्या चित्रांनी ते बालपण परत येत नाही. ज्यांनी या पुनरागमनाचा व्यवहार पाहिला, त्यांना तसे करण्याची कारणे असतील; तरीही जुना हिंदी आवाज असलेली प्रतही चित्रगृहात उपलब्ध असती, तर एक पिढी त्यांची ऋणी राहिली असती, असे मला वाटते.

घरी येताना मी मुलाची समजूत घालू लागलो. तो म्हणाला, “पण बाबा, मी ज्याला मूळ म्हणतो तेही मूळ नव्हतंच ना?” त्याचे खरे होते. आधी आवृत्ती इंग्रजीत झाली, गीते संस्कृत. मग हिंदी. अमेरिकेत आणखी वेगळ्या आवाजांत. आपण आपल्या कानांवर पहिल्यांदा जे पडते त्याला मूळ समजतो. रामायणाच्या बाबतीत तर हे नेहमीच होत आले आहे. वाल्मीकींची कथा आमच्या आजीला ठाऊक होती ती एकनाथांच्या भावार्थ रामायणातून आणि श्रीधरांच्या रामविजयातून.

यावरून मला पिंगुळीची आठवण होते. कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा सांभाळली. चित्रांची पोथी पुढ्यात उभी धरायची, एकेक चित्र उलगडायचे आणि वाद्यांच्या साथीने त्या चित्रातला प्रसंग गाऊन-बोलून सांगायचा. राम बोलतो, सीता बोलते, मारुती बोलतो. चित्र स्थिर, आवाज चालता. सावंतवाडीच्या राजघराण्याने या कलेला आश्रय दिला होता. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली या कलेसाठी पद्मश्री मिळाली. मी शाळेत चित्रकथीवर तास घेतले आहेत, मुलांकडून त्या शैलीत जटायू काढून घेतला आहे. आणि त्याच वर्षांत घरी मी मुलाला सांगत होतो की, रामाचे बोलते चित्र म्हणजे पाखंड! दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली काड्यापेटीतल्या काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली आणि १९१७ साली ‘लंकादहन’मध्ये साळुंके नावाच्या एकाच नटाकडून राम आणि सीता दोन्ही भूमिका करवून घेतल्या, हेही मी मुलांना शिकवीत होतो. माहिती डोक्यात होती, ती घराच्या उंबऱ्याआत कधी आली नाही.

आता थोडे कटू बोलतो. २०२५ साली हा चित्रपट हिंदी, इंग्रजी, तमिळ आणि तेलुगू या भाषांत लागला. मराठीत लागला नाही. पंचवटी आमच्या नाशिकला, आणि पंचवटीतला प्रसंग माझी नात हिंदीत ऐकते! मी हिंदीच्या विरोधात नाही. पण ज्या प्रांतात समर्थांनी गावोगाव मारुती उभे केले, तेथे उड्डाण करणारा मारुती मराठीत बोलत नसेल तर तो दोष टोकियोतल्या कलावंतांचा नाही. तमिळ आणि तेलुगू प्रेक्षक चित्रगृहात जाईल अशी व्यवहारी माणसाला खात्री वाटते, आपल्याविषयी वाटत नाही. का वाटत नाही, याचे उत्तर चित्रपट काढणाऱ्यांपेक्षा येथे बसलेल्या आपणा सर्वांकडे अधिक आहे. आपण मुलांना मराठीत गोष्ट शेवटची कधी सांगितली? चित्रगृहात माझा मुलगा मात्र हे करीत होता. हिंदी वाक्य संपले की चिमणीच्या कानाशी लागून मराठीत तो प्रसंग सांगत होता. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी दोनदा मागे वळून पाहिले. मी त्यांची क्षमा मागितली, मुलाला थांबविले नाही. या वेळी नाही.

कुंभकर्णाचा प्रसंग आला. आडवा पडलेला तो पर्वतप्राय देह उठला, युद्धात उतरला आणि कोसळला. माझी नात माझ्या बाहीला धरून म्हणाली, “आजोबा, त्याला झोपू का नाही दिलं?” मी निरुत्तर झालो. वाल्मीकींचा कुंभकर्ण जागा झाल्यावर रावणाला त्याची चूक तोंडावर सांगतो आणि तरीही भावासाठी मरायला जातो. सहा वर्षांच्या पोरीने नेमके तेथेच बोट ठेवले होते. हा प्रश्न माझ्या मुलालाही वयाच्या आठव्या वर्षी पडला असणार. त्याने तो कोणाला विचारला असेल? शेजारच्या काकूंना?

परतताना रिक्षात मी मुलाला म्हणालो, “तेव्हा मी चुकलो रे.” तो बाहेर पाहत होता. म्हणाला, “काकूंकडचा टीव्ही मोठा होता, बाबा.” आणि हसला. आमच्यात या विषयावर झालेले बोलणे एवढेच.

त्यानंतर चिमणीने मारुती काढायला घेतला. आतापर्यंत तिच्या वहीत सतरा मारुती झाले आहेत. गदा प्रत्येक वेळी वेगळी, शेपूट पानाबाहेर जाते. मागच्या भेटीत ती वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “आजोबा, तो पाठमोरा उडतोय. धोतर मागून कसं दिसतं?” मी आतल्या खोलीत गेलो, लग्नमुंजीला नेसतो ते धोतर काढले, नेसून बाहेर आलो आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो. “हा कासोटा. निऱ्या कशा आत गेल्यात बघ,” असे मी सांगत होतो आणि ती म्हणत होती, “हलू नका ना आजोबा, अजून शेपूट राहिलंय.”